कुरुंद्याची तलंग

हे २०१८ सालातलं आहे. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मला एकाहत्तर पुरी झाली होती आणि सेनगावकडचं गोरेगाव सोडून आम्ही हिंगोलीत मुलाकडे राहायला आलो त्याला बावीस वर्षं झाली होती. दुपारी मी लसूण सोलत बसले होते. माझी नात पुनम कॉलेजातून येऊन पलंगावर आडवी पडून मोबाईल बघत होती. ती एकदम हसली आणि म्हणाली, "आजी, ही कोंबडी बघ. तुझ्यासारखीच बघून राहिली." मी चष्मा लावून पाहिलं. पालथ्या टोपल्यावर एक तलंग उभी होती. अजून अंडं न घातलेली, कोवळी. काळपट लाल पिसं, अंगाला घट्ट बसलेली. मान काठीसारखी सरळ. डोळा मोत्यासारखा पांढरा. तिनं मान वळवली आणि मी तिला ओळखलं, बसस्टँडवर माहेरचं माणूस ओळखावं तसं. खाली काहीतरी लिहिलं होतं. पुनमनं वाचून दाखवलं, "असील. ओरिजिनल पारूबाई लाईन. तलंग विकणे नाही." मी विचारलं, "लाईन म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "वंश, आजी. खानदान." लसणाची साल माझ्या नखात घुसली होती, आणि तिथलं झोंबणं संध्याकाळपर्यंत गेलं नाही. पारूबाईचं खानदान! टीव्हीवर सुनेची मालिका सुरू झाली, वरच्या टाकीत पाणी पडायला लागलं, आणि मी ताटातल्या पाकळ्यांकडे बघत तसंच बसून राहिले.

कुरुंद्याला माझ्या वडिलांच्या घरी हळद होती आणि असील, म्हणजे झुंजीच्या जातीच्या, कोंबड्या होत्या. हळद सगळ्यांकडेच होती. कोंबड्या फक्त आमच्याकडे. वसमतपासून माणसं यायची, कोंबडा मागायची, आणि वडील द्यायचे. ते म्हणत, "कोंबडा मागितला तर द्यावा. तलंग मागितली तर पाणी पाजून वाटेला लावावं." कारण कोंबडा गेला तरी वंश घरात राहतो, तलंग गेली की वंश चालत दुसऱ्याच्या दारात जातो. सोयरे मात्र हट्टाला पेटायचे. त्यांना नाही म्हणता येत नसे, म्हणून अंडी दिली जात. देण्याआधी आई चुलीपुढे बसून प्रत्येक अंड्याच्या जाड टोकाला सुई टोचायची आणि त्या छिद्रावर खायच्या चुन्याचा कण बसवायची. वाळला की दिसत नसे. सोयरे आनंदानं अंडी न्यायचे, एकवीस दिवस वाट बघायचे आणि नशिबाला बोल लावायचे. मी दहा वर्षांची असताना हे शिकले. त्यात पाप आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. शेजारणीला विरजण देताना चमचाभर हात राखावा, इतकंच ते होतं. तलंग उंबरा ओलांडायची ती एकाच वाटेनं, लेकीबरोबर. १९६४ साली माझं लग्न झालं तेव्हा वडिलांनी डालग्यात तीन तलंगा घालून माझ्या शेजारी बैलगाडीत ठेवल्या. माझ्या डोळ्यांना पाणी होतं आणि त्या मात्र फटीतून मान काढून रस्ता बघत होत्या. मला त्यांचा राग आला होता, हेही आठवतं.

गोरेगावला आल्यावर माझे यजमान रामकिशन आधी हसले. म्हणाले, "बापानं भांडी द्यायची सोडून कोंबड्या दिल्या." वर्षभरात मात्र त्यांना वेड लागलं. सकाळी उठले की तोंड धुण्याआधी खुराड्याशी. कोंबड्याच्या अंगाला हळदीच्या कोमट पाण्यानं शेक द्यायचा, मांड्या चोळायच्या, बाजरी भिजवून घालायची, हे सगळं मी त्यांना शिकवलं. पाच वर्षांत सेनगावपर्यंत लोक 'रामकिशनचे कोंबडे' म्हणू लागले. त्याचं मला काही वाटलं नाही. बायकोचं सगळंच नवऱ्याच्या नावावर चढतं. पण ते माझ्याशी कोंबड्यांबद्दल कधी बोलत नसत, हे मला बोचायचं. दाणे टाकले का, पाणी ठेवलं का, दार लावलं का, एवढंच. मला वाटायचं, पुरुषांचं बोलणं असंच असतं. १९७९ साली पारूबाई आली आणि मला कळलं की तसं नसतं.

ती जवळच्या तांड्यावरची. नवरा हरिचंद कोंबडा मागायला आला होता, ती त्याच्या मागं. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची चोळी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. हरिचंद कोंबड्यांपुढे उभा राहिला आणि ही सरळ कोंबड्यांना ओलांडून माद्यांकडे गेली. म्हणाली, "नराचं काय बघता? नाव नराचं असतंय, हाड आईचं." माझे यजमान बसता बसता उभेच राहिले. तिनं माझी थोरली कोंबडी उचलली, काखेत घेतली, डोळे मिटले आणि छातीच्या हाडावरून बोट फिरवत नेलं, हळू, दळणातला खडा शोधावा तसं. "ही आजीवर गेलीय," ती म्हणाली. यजमानांनी विचारलं, "तुमाला कसं कळलं?" आणि मग ते दोघं दोन तास बोलत होते. टाचा, बोटं, चोचीचं मूळ, कुठली कोंबडी रागीट आणि कुठली नुसतीच भांडखोर. हरिचंद कंटाळून बिडी ओढत बसला. मी तीनदा चहा केला. ती बोलायची तेव्हा यजमान तिच्याकडे बघत नव्हते, कोंबडीकडेच बघत होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. तरी मला सहन झालं नाही ते तिचं डोळे मिटणं. माझ्या बापाच्या कोंबडीच्या अंगावर हात ठेवून तिनं माझ्याच अंगणात डोळे मिटले आणि तिला आत काहीतरी दिसलं, जे मला उघड्या डोळ्यांनी पंधरा वर्षांत दिसलं नव्हतं.

यजमानांनी तिला अंडी द्यायचा शब्द दिला. मी अकरा अंडी टोचून दिली. एकही पिल्लू निघालं नाही. चार महिन्यांनी ती पुन्हा आली, पुन्हा अकरा, पुन्हा सुई आणि चुना. सुई आत जाते तेव्हा आधी टणक लागतं आणि मग एकदम काहीच लागत नाही. ते काहीच न लागणं मला त्या दिवशी आवडलं होतं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी खुराडं लावताना मला एक तलंग कमी दिसली. सगळ्यात चांगली. यजमान पाय धूत होते. मी विचारलं, "तांबडी कुठं गेली?"

"दिली पारूबाईला."

"तलंग?"

"व्हय," ते म्हणाले आणि दुसरा पाय धुतला.

तलंग फक्त लेकीबरोबर जाते. पारूबाई त्यांची लेक नव्हती. त्यांना ती 'भाऊ' म्हणायची, पण बहीणही नव्हती. मग ती कोण होती? हा प्रश्न मी चाळीस वर्षं तोंडात सुपारीसारखा घोळवला. लोकांच्या मनात जे येईल तसलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. तसलं असतं तर बरं झालं असतं. तसल्याला भांडता येतं, माहेरी निघून जाता येतं, चार माणसं बसवता येतात. कोंबडीच्या हाडावरून बोलतात म्हणून कुणापुढे रडायचं? १९९४ साली मानमोडी आली आणि आठ दिवसांत आमचं खुराडं रिकामं झालं. माना वाकड्या करून एकेक कोंबडी माझ्या ओच्यात मेली. कुरुंद्याला भावानं कधीच सगळं मोडून टाकलं होतं. तेव्हा लक्षात आलं की माझ्या बापाचा वंश आता फक्त तांड्यावर उरला आहे. यजमान दर पंधरा दिवसांनी तिकडे जाऊ लागले. आल्यावर अंगाला वास यायचा. पिसांचा, कोंड्याचा, माझ्या लहानपणाचा वास, आणि तो तिच्या घरून यायचा.

मोबाईल पाहिल्यानंतर चौथ्या दिवशी मी पुनमला घेऊन जीपनं गोरेगावला गेले आणि तिथून तांड्यावर. मला एक तलंग हवी होती. मरायच्या आधी माझ्या दारात माझ्या बापाचा वंश हवा होता, आणि तो बघायला यजमानांनी दुसरीकडे नाही, मागच्या परसात जावं असं मला वाटत होतं. पारूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. एका डोळ्यात मोतीबिंदू, बांगड्या गेलेल्या. हरिचंद मागंच वारला होता. तिनं मान तिरकी करून बघितलं.

"अगं माय, सुमनबाई! वाट चुकला का काय?"

"चुकले असते तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

"बसा, बसा. भाऊ न्हाई आले?"

"गुडघे दुखतेत त्यांचे."

"काहून बाई? मागच्या म्हैन्यात तर आले व्हते की. चांगले बसले दोन घंटे."

मागच्या महिन्यात ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मला तसं सांगितलं होतं. पुनम माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पाणी प्यायले आणि सरळ म्हटलं, "मला एक तलंग पाहिजे."

पारूबाई हसली, दात नसलेलं हसू. "तलंग? तुमच्याच घरची रीत हाये न्हवं, तलंग देऊ न्हाई म्हून?"

"माझ्या बापाची हाये ती."

"बापाची व्हती. चाळीस वर्सं दाणे कोण टाकले?" मग तिचा आवाज खाली आला. "तसं न्हाई बाई. नातवानं, कुलदीपनं, जगाला सांगून ठेवलंय की तलंग देत न्हाई म्हून. मी दिली तर त्याची बात खोटी पडंल. अंडी नेता का? थोरलीची देते. अकरा." तिनं डब्यात ज्वारी घालून एकेक अंडं आत रोवलं, प्रत्येक अंडं आधी गालाला लावून. "जीपमधी मांडीवर धरा. बराबर निघतीन सगळी. भाऊ म्हणत व्हते, अंड्याला तुमचा हात लई हलका हाये."

परत येताना पूर्ण वाट तो डबा मांडीवर होता आणि मी त्या एका वाक्याला उलटंपालटं करत होते. हलका हात. कशासाठी हलका? त्यांना काय माहीत होतं, आणि त्यातलं तिला काय माहीत होतं?

शेजारच्या रूपाबाईची खुडूक कोंबडी आणून मी मागच्या जिन्याखाली टोपल्यात अंड्यांवर बसवली. ते नऊ दिवस मला आयुष्यात फार उशिरा मिळाले. यजमान सकाळी चहाचा कप घेऊन टोपल्याशी खुर्ची टाकून बसायचे. गुडघ्यांची तक्रार बंद झाली. ते माझ्याशी बोलत होते. "आज उठली का गं ती? पाणी प्याली का? पिल्लं निघाली की आधी बाजरीचा रवा." मला जे हवं होतं ते अगदी तसंच मिळालं होतं, फक्त त्यांच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात पारूबाई होती. पारूबाई म्हणते अंडी रोज हलवू नये. पारूबाई म्हणते थोरलीचा पहिला नर घरी ठेवा. माझ्याच माहेरची विद्या माझ्याच नवऱ्याच्या तोंडून तिच्या नावानं मला परत मिळत होती. मी हूं हूं करायचे आणि ते आत गेले की अंडी काढून बोटांनी चाचपायचे. तिसऱ्या दिवशी मला एका अंड्याच्या जाड टोकाला कण लागला. बारीक, खरखरीत. मग दुसऱ्या अंड्याला. मग आणखी दोन अंड्यांना. म्हाताऱ्या कोंबडीच्या अंड्यावर असे कण येतात, चुन्याचेच येतात, देवानं घातलेले. हे मला माहीत होतं. पण माहीत असलेलं त्या दिवसांत हाताशी येत नव्हतं. हाताशी येत होती ती आईची चूल, सुई, आणि आधी टणक लागून मग काहीच न लागणं. मी केलं ते तिनं का करू नये? तिच्या जागी मी असते तर केलंच असतं.

नवव्या दिवशी दुपारी पुनमला घेऊन मी न्हाणीघरात गेले, दार लावून दिवा बंद केला आणि तिच्या मोबाईलच्या उजेडावर अंडं धरलं. माझ्या डोळ्यांना नुसता तांबूस गोळा दिसला. "आजी, लाल लाल धागे आहेत आत," ती म्हणाली. मी म्हटलं, टोचलेल्या अंड्यातही चार दिवस रक्त धरतं. "टोचलेलं म्हणजे?" तिनं विचारलं. कण असलेलं एक अंडं मागच्या धुण्याच्या दगडावर नेलं आणि फोडलं. आत नुसता बलक होता. फोल. अकरातलं एखादं अंडं फोल निघतंच, नराचा नेम चुकतो. हेही मला माहीत होतं. पण माझ्या छातीत तेव्हा जे उठलं तो आनंद होता, आणि त्याला दुसरं नाव मी आजपर्यंत शोधलं नाही. मी ओरडले, "या, बाहेर या! बघा तुमच्या पारूबाईची करणी! टोचून दिलीत सगळी!" यजमान वर्तमानपत्र हातात घेऊन आले. साधना, माझी सून, स्वयंपाकघराच्या दारात आली. मी खुडूक कोंबडीला हातानं ढकललं, ती ओरडत पळाली, आणि टोपलं उचलून दगडावर पालथं केलं.

आधी नुसता आवाज झाला. मग पिवळं पसरलं, आणि पिवळ्यात लाल जाळी, आणि जाळीच्या मध्ये ठिपक्याएवढा काळा डोळा, आणि डोळ्याखाली मोहरीएवढं काहीतरी उडत होतं. एकात. मग बाजूच्यात. ऊन होतं, दगड तापलेला होता. त्या दहाजणांत माझे वडील होते, आई होती, बैलगाडी होती, आणि ती सगळी उडायची थांबत होती, एक आधी, एक नंतर. पुनम तोंडावर हात घेऊन आत पळाली. यजमान गुडघे धरत खाली बसले.

"टोचली न्हवती तिनं," ते म्हणाले.

मी रिकामं टोपलं उताणं करून ठेवलं.

"टोचली तू व्हतीस. दोन्ही खेपंला. चुना नखानं काढून बघितला व्हता मी."

"मग बोलला काहून न्हाई?"

"काय बोलायचं? तुझ्या घरची रीत. शब्द तर माझा गेला व्हता. अंडी तिसऱ्यांदा दिली असती तर तिसऱ्यांदा टोचली असतीस. म्हणून तलंग दिली."

इतकं साधं होतं ते. चाळीस वर्षं मी जिला कोण म्हणून विचारत होते, तिला माझ्या सुईनं आणलं होतं. असं कळल्यावर माणसानं रडावं. मी मात्र विचारलं, "तिला सांगितलं व्हतं का तुमी? मी टोचली म्हणून?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून नळाची नळी घेतली आणि दगडावर पाणी सोडलं, आणि ते सगळं मोरीकडे जाईपर्यंत नळी हलवत राहिले. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलं नाही, आणि नंतर मी विचारलं नाही.

बाविसाव्या दिवशी कुलदीपच्या मोबाईलवरून पारूबाईचा फोन आला. यजमान समोर खुर्चीत होते, पुनम माझ्या शेजारी.

"किती निघाली, बाई?"

"एकबी न्हाई."

तिकडे कोंबडा आरवला, असीलाचं तुटकं, घोगरं आरवणं.

"एकबी न्हाई?"

"न्हाई."

"म्या टोचली न्हाईत वो, बाई. लेकराची आण घेऊन सांगते."

म्हणजे सुईचं तिला ठाऊक होतं. कुणी सांगितलं होतं, की दोनदा फसल्यावर तिचं तिलाच उमगलं होतं, हे त्या क्षणीही मला तिला खरं उत्तर देण्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. मी म्हटलं, "मी कुठं म्हटलं टोचली म्हून?" आणि फोन पुनमच्या हातात दिला. यजमानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. पुनम म्हणाली, "आजी, असं काहून सांगितलंस?" मी म्हटलं, "फोनवर कसं सांगायचं? समक्ष जाऊन सांगते."

रूपाबाईची कोंबडी त्यानंतर पुन्हा अंड्यांवर बसली नाही. संक्रांतीच्या आधी तिनं ती कापली आणि रस्सा आमच्याकडेही पाठवला. यजमान २०२० च्या माघात गेले, झोपेत, काही तकलीफ न होता. शेवटचं वर्षभर ते माझ्याशी नीट बोलत, पण कोंबड्यांचा विषय त्यांनी काढला नाही, आणि तांड्यावरही गेले नाहीत. मला वाटत होतं की ते गेले नाहीत याचं मला बरं वाटेल. तेराव्याला पारूबाई आली. दारातूनच तिनं गळा काढला, त्यांच्या रीतीचा, लांब, सुरात, आणि बसलेल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. माझ्यापेक्षा तिचं रडणं मोठं झालं. जाताना ती माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "खरं सांगा बाई, एकबी न्हाई निघालं?" मी न्हाई म्हटलं. तिनं मान हलवली. यजमान तिला सगळं सांगून गेले होते आणि ती मला फक्त वाट करून देत होती, की तिला खरंच माहीत नव्हतं, ते तिच्या चांगल्या डोळ्यात मला दिसलं नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, त्या साथीत, ती गेली. तेव्हा कुणी कुणाच्या दारी जात नव्हतं. मीही गेले नाही.

कुलदीपचं लग्न झालं, तांड्याबाहेर त्याचं पत्र्याचं मोठं शेड आहे. त्याचे कोंबडे नांदेडला जातात, तेलंगणात जातात, आणि जातील तिथं पारूबाई लाईन म्हणूनच जातात. त्यानं मला एकदा एक तलंग देऊ केली होती, "आजीची इच्छा व्हती" म्हणून. मी म्हटलं, आता माझ्यानं होत नाही. साधनानं मागच्या परसात फरशी टाकून घेतली, धुण्याचा दगड काढून टाकला. पुनम नांदेडला नर्स आहे, गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, तिला दिवस गेले आहेत. ती दर रविवारी फोन करते. औषधं घेतली का विचारते, जेवण विचारते, आणि कधी कधी, सगळं बोलून झाल्यावर, जरा थांबून विचारते, "आजी, पारूआजीला खरं सांगितलं होतंस ना तू?"

मी व्हय म्हणते.